गर्भस्राव : स्थापन कोठवर आणि निर्हरण केव्हा?

गर्भिणीस पहिल्या तीन महिन्यांत रक्तदर्शन झाले की नातेवाईक वैद्याकडे एकच मागणी घेऊन येतात; ती म्हणजे रक्त थांबवा आणि गर्भ टिकवा. वैद्यही सवयीने त्याच दिशेने विचार करू लागतो. उशीर, लोध्र, शतावरी, फलघृत, लघुमालिनी वसंत, गर्भपाल रस अशी स्तंभक व गर्भस्थापक औषधे सर्वांच्या हाताशी असतात. परंतु गर्भ जिवंत आहे किंवा नाही, तो गर्भाशयातच आहे की अन्यत्र, हे निश्चित झाल्यावाचून स्थापन सुरू करणे म्हणजे निदानाआधी चिकित्सा करणे होय. गर्भ निर्जीव झाला असेल तर प्रश्न उरतो तो निर्हरणाचा, आणि हे निर्हरण आज पुष्कळ अंशी औषधांनी होऊ शकते. ही औषधे कोणती, ती कसे कार्य करतात, ती देण्याचा अधिकार कोणाचा आणि या सर्वांत आयुर्वेदीय वैद्याचे व औषधविक्रेत्याचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकसा येथे व्यवसाय करतो. त्यामुळे सोनोग्राफीची सोय हाकेच्या अंतरावर नसलेला, जंगलाकाठच्या गावांतील वैद्य डोळ्यांपुढे ठेवून हे लेखन झाले आहे.

चरकाचार्यांचे मत

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भच्युतीस स्राव आणि शरीर स्थिर झालेल्या गर्भाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यातील च्युतीस पात म्हटले आहे. हा भेद आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करतो. त्याहून अधिक उपयुक्त, पण फारसा सांगितला न जाणारा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुष्पदर्शन झाल्यास गर्भ टिकणार नाही असे समजावे, कारण त्या काळात तो अजातसार असतो, असा त्याचा आशय आहे. मृदू व शीत शय्या, यष्टिमधु-घृताचा पिचू, नाभीखाली शतधौत अथवा सहस्रधौत घृताचा लेप, क्षीरी वृक्षांचे कषाय हा जो प्रसिद्ध स्थापनविधी आपण दुसऱ्या महिन्यातील स्रावातही सर्रास सांगतो, तो चरकांनी यानंतर, म्हणजे चौथ्या महिन्यापासूनच्या रक्तदर्शनासाठी सांगितला आहे.

आजचे ज्ञान या विचाराच्या जवळ येते. निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १० ते १५ टक्के गर्भ आपोआप च्युत होतात. त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात आणि अशा गर्भांपैकी निम्म्यांत गुणसूत्रांचे दोष आढळतात. म्हणजे बीजातच न्यून असते. चरकांना गुणसूत्रे ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांनी निरीक्षण अचूक केले होते, एवढे पुरेसे आहे. उलट एका बाबतीत आजचे साधन चरकांच्या पुढे जाते. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचा गर्भ पुढे टिकतो, आणि सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले तर आशा आणखी वाढते. म्हणून रक्त दिसताच गर्भ गेला असे म्हणणे जितके चूक, तितकेच तो आहे असे गृहीत धरणेही चूक.

स्थापनाचा उपयोग किती, याविषयी ‘प्रिझम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष आपण अवश्य जाणून घ्यावेत. पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांत प्रोजेस्टेरॉनची तुलना निष्क्रिय औषधाशी केली गेली. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण अनुक्रमे ७५ व ७२ टक्के आले, म्हणजे सरसकट पाहता निश्चित असा लाभ दिसला नाही. मात्र ज्यांचे पूर्वी तीन किंवा अधिक गर्भ गेले होते त्यांच्यात हे प्रमाण ७२ विरुद्ध ५७ टक्के होते. तात्पर्य, स्थापन हे निवडक स्त्रियांसाठी आहे आणि तेही गर्भ जिवंत असताना. अंथरुणाला खिळवून ठेवल्याने गर्भ वाचतो, याला तर कोणताही सबळ पुरावा नाही.

याच ओघात दोन औषधांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. गर्भपाल रसात हिंगूळ, नागभस्म व वंगभस्म ही घटकद्रव्ये आहेत. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातून आणलेली आयुर्वेदीय औषधे घेतलेल्या सहा गर्भवतींमध्ये शिशाची विषबाधा आढळल्याचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. भस्म शास्त्रोक्त असते तर असे घडले नसते, हे आपले नेहमीचे उत्तर आहे. परंतु बाजारातून आलेल्या डबीतील भस्म शास्त्रोक्त आहे याची खात्री आपल्यापैकी कोण देऊ शकतो? गर्भिणीच्या बाबतीत नागयुक्त कल्प बाजूला ठेवणेच लेखकास योग्य वाटते. दुसरा कल्प बोलबद्ध रस. रक्त दिसले की तो दिला जातो. पण त्यातील बोळ म्हणजे तोच हिराबोळ, जो आपल्या घरोघरी बाळंतिणीची पिशवी आकसावी म्हणून देतात. जिवंत गर्भ टिकवायचा असताना तो देण्याची संगती लागत नाही.

स्रावाची अवस्था ओळखणे

रक्त थोडे, वेदना अल्प आणि गर्भाशयमुख बंद, ही आशा ठेवण्याजोगी अवस्था होय. मुख उघडलेले, कळा वाढत्या आणि रक्त भरपूर असेल तर स्राव अटळ असतो. गाठी व मांसल भाग पडूनही रक्त थांबत नसेल तर काही अंश आत राहिला आहे असे समजावे. या अपूर्ण स्रावात स्तंभक देणे सर्वांत घातक ठरते, कारण आतील अवशेष जोवर बाहेर पडत नाही तोवर गर्भाशय पूर्ण आकुंचित होत नाही, आणि रक्त थोडे कमी झाल्याच्या समाधानात जंतुसंसर्गाला मात्र वेळ मिळतो. सर्व काही पडून गेले, कळा थांबल्या, रक्त ओसरले, तर स्राव पूर्ण झाला असे मानता येते. तेही तपासणीने निश्चित करावे. द्राक्षासारखे फुगे पडल्याचे कोणी सांगितल्यास किंवा दिवसांच्या मानाने गर्भाशय फार मोठे लागल्यास द्राक्षगर्भाची शंका घेऊन त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे. त्यात पुढे अनेक महिने रक्ततपासणीचा पाठपुरावा लागतो.

वैद्यास सर्वाधिक चकविणारी अवस्था म्हणजे आधुनिक शास्त्रात जिला मिस्ड ॲबॉर्शन म्हणतात ती. गर्भ आत निर्जीव झालेला असतो, पण रक्त नाही, कळा नाहीत. क्वचित मळमळ अचानक थांबते, स्तनांचा ताण उतरतो, एखादा तपकिरी डाग दिसतो. काही लेखक हिची तुलना लीनगर्भाशी करतात आणि मग तदनुसार स्निग्ध, मांसरसप्रधान बृंहण सुचवतात. ही तुलना लेखकास मान्य नाही. लीनगर्भ व उपविष्टक ही वर्णने गर्भाच्या स्पंदनावर आधारलेली आहेत. अंतर्मृत गर्भाची चरकोक्त लक्षणेही, उदर स्तब्ध व थंड होणे, आत दगड असल्यासारखे वाटणे, स्पंदन नाहीसे होणे, ही वाढलेल्या गर्भाची आहेत. मातेला गर्भाची हालचाल जाणवते ती साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास. आठव्या-दहाव्या आठवड्यात जे स्पंदन मुळी जाणवतच नाही, ते थांबले हे तिला कसे कळणार? या टप्प्यावर ना नाडी, ना उदरपरीक्षा निर्णय देऊ शकते. निर्णय सोनोग्राफीचाच.

तेथेही घाई नको. २०१३ पासून सर्वमान्य झालेल्या निकषांनुसार गर्भाची लांबी ७ मिलीमीटर किंवा अधिक असून ठोके नसणे, अथवा गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिलीमीटर किंवा अधिक असून आत गर्भ नसणे, यावरच गर्भ गेल्याचे निश्चित म्हणता येते. माप याहून कमी असल्यास, रक्तस्राव व वेदना बेताच्या असताना, काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. आपल्या भागातील स्त्रियांना पाळीची तारीख नेमकी आठवत नाही, रोवणीच्या किंवा मोहफुलांच्या हंगामाच्या आधाराने महिना सांगितला जातो. त्यामुळे ‘वाढ झाली नाही’ असा पहिला अहवाल घेऊन आलेल्या जोडप्यास पुन्हा तपासणीचे कारण समजावून सांगणे हे वैद्याचे मोलाचे काम आहे.

आणि अस्थानी गर्भ. शंभर गर्भधारणांत एक-दोन इतके त्याचे प्रमाण असते, पण दगा देण्यात तो पहिला. ओटीपोटात एका बाजूस वेदना, थोडे काळपट रक्त, खांद्यात दुखणे, चक्कर, फिकटपणा यांपैकी काहीही दिसले तरी औषध देत बसू नये. येथे ग्रामीण भागातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस दिवस राहिले तर तो गर्भ अस्थानी असण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते. शस्त्रक्रिया झालेली, दोन मुलांची आई पाळी लांबली म्हणून येते. ती गर्भवती असू शकते असे तिला वाटत नाही आणि पुष्कळदा वैद्यालाही वाटत नाही. लेखकाकडे भात रोवणीच्या दिवसांत अशीच एक स्त्री बांधावरून थेट आली होती. पाळी सहा आठवडे लांबलेली, अंगावर थोडे जाणारे, पोट उजवीकडे दुखणारे. पाळी मोकळी होण्यासाठी तिने एका दुकानातून गोळ्यांचे पाकीट घेऊन खाल्लेले होते. मूत्रपरीक्षा होकारार्थी आली, रक्तदाब खाली होता. १०८ क्रमांकाच्या गाडीने तिला पुढे पाठविले आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया होऊन ती वाचली. त्या गाडीवरील वैद्यकीय अधिकारी आपल्याच शाखेची पदवीधर होती, हे सांगताना समाधान वाटते. गर्भपाताच्या गोळ्या अस्थानी गर्भावर काहीच कार्य करीत नाहीत. उलट त्यांनी होणाऱ्या रक्तस्रावामुळे ‘काम झाले’ असा समज होऊन बहुमोल वेळ जातो.

औषधांनी निर्हरण

मृतगर्भाच्या निर्हरणाविषयी चरकांनी आपल्या काळातील तीन मते नोंदविली आहेत. जरायू पाडणारे औषधी कर्म करावे असे काही म्हणतात, अथर्ववेदोक्त मंत्रादी विधी करावा असे काही, आणि अनुभवी शल्यहर्त्याकडून तो काढून घ्यावा असे काही. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात शल्यकर्मापूर्वी अधिपतीची अनुमती घेण्यास सांगितले आणि मृतगर्भाची क्षणभरही उपेक्षा करू नये असे बजावले. अनुमतीची अट आणि दक्षतेचा आग्रह ही दोन्ही सूत्रे आजही लागू पडतात. फरक इतकाच की सुरुवातीच्या आठवड्यांतील मृतगर्भात ताप, दुर्गंधी किंवा अतिस्राव नसेल तर निसर्गाला सात ते चौदा दिवस वाट देणे हा मान्य पर्याय आहे. सुश्रुतांचे बजावणे मूढगर्भाच्या प्रकरणात, म्हणजे वाढलेल्या गर्भासंबंधी आहे.

ती उपेक्षा आजच्या काळातही कशी जिवावर बेतते याचे उदाहरण आपल्या सीमाभागाशी जोडलेले आहे. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा सतरा आठवड्यांचा गर्भ ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे अटळपणे जात होता. ठोके सुरू आहेत या कारणास्तव निर्हरण लांबविले गेले, आणि २८ ऑक्टोबर रोजी जंतुदोषाने त्यांचा मृत्यू झाला. तो देश हादरला आणि २०१८ मध्ये जनमत घेऊन तेथील कायदा बदलला. गर्भ वाचण्याची आशा संपली असताना संसर्गाची चिन्हे दिसली तर थांबण्याला वाव नसतो.

पूर्वी निर्हरण म्हणजे पिशवी साफ करणे, एवढाच अर्थ होता. आता तीन मार्ग आहेत : वाट पाहणे, औषधे, किंवा निर्वात पद्धतीने काढणे. औषधांपैकी मुख्य मिसोप्रोस्टॉल. हे प्रोस्टाग्लँडिन वर्गातील द्रव्य मुळात आमाशयाच्या व्रणासाठी प्रचारात आले. गर्भाशयमुख मृदू करणे आणि गर्भाशयाचे आकुंचन घडविणे हे त्याचे कर्म. आपल्या परिभाषेत अपानाचे अनुलोमन म्हणता येईल, पण अशा भाषांतराने मात्रा कळत नाही, म्हणून त्यात फार रमू नये. दुसरे औषध मिफेप्रिस्टोन. हे १९८० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले व १९८८ मध्ये तेथे मान्य झाले. गर्भाला धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा मार्ग ते अडविते आणि गर्भाशयाला मिसोप्रोस्टॉलसाठी सज्ज करते. म्हणून मृतगर्भात आधी मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल असा क्रम असतो. अंश राहिलेल्या अपूर्ण स्रावात मिसोप्रोस्टॉल एकटे पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने अपूर्ण व नैसर्गिक गर्भपातासाठी त्याचा समावेश २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

यश किती येते? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५२ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात एकट्या मिसोप्रोस्टॉलने आठव्या दिवसापर्यंत ८४ टक्के स्त्रियांत पूर्ण निर्हरण झाले, तर निर्वात पद्धतीने ९७ टक्के. २०१८ मधील ३०० स्त्रियांच्या अभ्यासात मिफेप्रिस्टोन आधी दिल्यावर पहिल्याच पुनर्तपासणीत हे प्रमाण ८३.८ टक्के, तर न दिल्यास ६७.१ टक्के आढळले. २०२० मध्ये ब्रिटनमधील ७११ स्त्रियांच्या अभ्यासानेही हीच दिशा दाखविली. म्हणजे औषधमार्ग चांगला आहे, पण दर पाच-सहा स्त्रियांपैकी एकीला पुढे आणखी मात्रा किंवा शस्त्रकर्म लागू शकते. हे आधीच सांगितले नाही तर ‘गोळ्यांनी झाले नाही, आता काय?’ या भीतीने कुटुंब खचते.

मात्रा येथे मुद्दामच दिलेल्या नाहीत. त्या आठवडे, अवस्था व मार्ग यांनुसार बदलतात आणि त्या ठरविणे हे तज्ज्ञांचे काम आहे. आपण जाणून घ्यावे ते पुढे घडणारे. मिसोप्रोस्टॉलनंतर काही तासांत कळा व रक्तस्राव सुरू होतो, नेहमीच्या पाळीपेक्षा तो जास्त असतो, गाठी पडतात, काही तासांनी जोर ओसरतो व थोडे थोडे दोन आठवड्यांपर्यंत जात राहते. थंडी वाजणे, अल्प ताप, मळमळ, पातळ शौच हे औषधाचेच परिणाम असून ते त्याच दिवशी शमतात. अशा रात्री घाबरलेले नातेवाईक गावच्या वैद्याचे दार ठोठावतात. त्या वेळी स्तंभक देऊ नये. जो स्राव होत आहे तेच औषधाचे कार्य आहे. मात्र तासाला दोन याप्रमाणे सलग दोन तास मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, घेरी येत असेल, चोवीस तासांनंतरही १००.४ अंशांवर ताप असेल किंवा स्रावास दुर्गंधी असेल, तर मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. तिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही आपल्या भागातील ठिकाणे. जेथून रात्री वाहन मिळत नाही अशा पाड्यावरील स्त्रीला औषधे घरी देऊ नयेत, दाखल करून घ्यावे, अशी विनंती संदर्भचिठ्ठीत जरूर लिहावी. तज्ज्ञांना आपल्या वाटांची कल्पना नसते.

संदर्भचिठ्ठीत आणखी काही गोष्टी हव्यात. हिमोग्लोबिन किती, तांबी बसविलेली आहे का, रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत का, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे का. सांधेदुखीच्या अनामिक पुड्यांतून ते नकळत पोटात गेलेले असते, म्हणून नीट विचारावे. रक्तगट लिहावा. आर.एच. ऋण स्त्रीस बारा आठवड्यांच्या आत अँटी-डी आवश्यक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले असले तरी आपल्याकडे अनेक तज्ज्ञ ते देतात. निर्णय त्यांच्यावर सोपवावा. आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची माहिती कधीही वगळू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आढळल्या, त्यात सिकलसेल असेल तर बेताचा रक्तस्रावही झेपत नाही. अशा स्त्रीस शीत परिषेक, ओल्या पट्ट्या, थंड पाण्यात बसविणे हे उपाय ग्रंथोक्त असले तरी टाळावेत. थंडी व जलाल्पता यांनी तिच्या वेदनांचा झटका उसळतो.

अधिकार आणि दुकान

गर्भसमापनाचा कायदा १९७१ चा असून तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २००२ व २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. २०२१ च्या नियमांनी औषधी पद्धतीची मर्यादा सातवरून नऊ आठवड्यांवर नेली. या कायद्यातील नोंदणीकृत व्यवसायी म्हणजे आधुनिक वैद्यकाची मान्य पदवी व स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राचा विहित अनुभव असलेला डॉक्टर. २०१४ च्या मसुद्यात आयुष वैद्यांचा समावेश सुचविला गेला होता, पण २०२१ च्या सुधारणेत तो आला नाही. आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा राज्याने आपल्याला दिली आहे, तिच्यामुळे या व्याख्येत आपण येत नाही. अधिकार नसताना गर्भसमापन केल्यास दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या गर्भाचे निर्हरण हे समापन नव्हे, असा युक्तिवाद तर्काने बरोबर असला, तरी गर्भ मृत होता याचा सोनोग्राफीचा पुरावा आणि अतिस्राव झाल्यास रक्त देण्याची सोय आपल्याजवळ नसते. म्हणून ही चिठ्ठी आपल्या हातची नव्हे.

औषधविक्रेते बंधूंची अडचण वेगळी आहे. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीच्या प्रकरणानंतर राज्यभर या गोळ्यांच्या विक्रीची तपासणी कडक झाली आणि कटकट नको म्हणून अनेकांनी त्या ठेवणेच सोडले. परिणामी जिचा गर्भ खरोखर गेला आहे, हातात तज्ज्ञांची चिठ्ठी आहे, तिलाही दुकानोदुकानी हिंडावे लागते, तर चिठ्ठी नसलेल्यास कोठून तरी पाकीट मिळतेच. हे दोन्ही अनिष्ट होय. ही औषधे अनुसूची एच मधील आहेत. वैध चिठ्ठी असल्यास, नोंद ठेवून व बिल देऊन ती विकण्यात कोणताही दोष नाही. चिठ्ठी नसेल तर पाकीट नाही, पण ‘नाही’ एवढेच न म्हणता कोठे जावे हे सांगणे दुकानदाराला सहज शक्य आहे. डायक्लोफिनॅकसोबत मिसोप्रोस्टॉल असलेल्या संधिवाताच्या गोळ्याही प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला देताना विचारपूस करावी.

आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांसाठी तर अधिक जवळचा विषय आहे. रजःप्रवर्तनी वटी आणि कुमार्यासव ‘पाळी लांबली’ एवढ्या शब्दांवर विकले जातात. आधी मूत्रपरीक्षा, मग औषध, हा क्रम दुकानात पाळला गेला तर कितीतरी अनर्थ टळतील. परीक्षेची पट्टी त्या वटीपेक्षा महाग नाही. कळलावी, चित्रकमूळ यांची चौकशी कोणी कुजबुजत करू लागले तर ती व्यक्ती संकटात आहे असे समजून तिला डॉक्टरांकडे वळवावे. कळलावी हे तीव्र विष आहे आणि काडी-मुळीचे प्रयोग जंतुदोषाने जीव घेतात.

निर्हरणानंतर

येथून पुढे मात्र आपले क्षेत्र आहे आणि येथे आयुर्वेदाजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. चरकांनी आमगर्भ व परिपक्व गर्भ यांच्या निर्हरणानंतरचा उपचार वेगळा सांगितला आहे. परिपक्व गर्भ निघाल्यावर त्याच दिवशी स्नेहोपचार करावा. आमगर्भात मात्र प्रथम बलानुसार मद्यवर्गातील कल्प देऊन कोष्ठशुद्धी व वेदनेचा विसर साधावा, नंतर दोष व धातूंचा क्लेद आटेपर्यंत स्नेहरहित यवागू इत्यादी प्रीणन आहार द्यावा आणि त्यानंतरच स्नेहपान, बस्ती, दीपनीय, जीवनीय, बृंहणीय व वातहर द्रव्ये योजावीत.

आपल्या घरांत याच्या नेमके उलट होते. दोन महिन्यांचा गर्भ गेला तरी बाळंतीण समजून दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू, तूप, मेथ्या सुरू करतात. काही घरी याउलट बाळंतपण नव्हेच म्हणून तिसऱ्या दिवशी शेतावर पाठवितात. लेखकाचा प्रघात असा : निर्हरण पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत, साधारण पहिले पाच-सात दिवस, तांदळाची पेज, मुगाचे कढण, सुंठ-जिरे घातलेले पातळ अन्न, दशमूलारिष्ट समभाग पाण्यासह जेवणानंतर. नंतर शतावरीसिद्ध दूध, गाईचे तूप, अल्पमात्रेत फलघृत. पंडुरोगासाठी शासकीय लोहगोळ्या बंद करू नयेत, त्यांच्या जोडीला आवळा व आमचूर द्यावे. सिकलसेलग्रस्त स्त्रीस लोह मात्र तज्ज्ञांना विचारूनच द्यावे. उत्तरबस्ती या काळात करू नये, मुख अद्याप मोकळे असते. तीन आठवड्यांनी मूत्रपरीक्षा करावी. ती होकारार्थीच राहिली तर आत अंश असण्याची, क्वचित द्राक्षगर्भाची शंका घ्यावी. त्याआधी केलेली परीक्षा बहुधा होकारार्थी येतेच, तिने घाबरू नये.

स्त्रिया या सर्वांविषयी किती मौन बाळगतात याची कल्पना शेजारच्या गडचिरोलीतील अभ्यासाने दिली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार ९२ टक्के स्त्रियांत काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगतपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गर्भ गेलेली स्त्री तर बोलतच नाही. तिच्यावर वाकून रोवणी केली, ओझे उचलले, पपई खाल्ली, कोणाची नजर लागली असे आरोप होतात. सासू, नणंद व पती यांना समोर बसवून, यातील कशानेही गर्भ गेलेला नाही, दोष बीजात होता आणि बहुतेक वेळा तो पुन्हा येत नाही, असे वैद्याने स्वतः सांगावे. वैद्याच्या तोंडून आलेल्या या वाक्याचे घरात वजन असते. एकदा स्राव झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८५ टक्के पुढच्या वेळी सुखरूप प्रसूत होतात.

पुढील गर्भधारणेपूर्वी सहा महिने थांबावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये केली होती. नंतरच्या अभ्यासांत लवकर गर्भधारणेने अपाय दिसला नाही. त्यामुळे लेखक महिन्यांपेक्षा हिमोग्लोबिनकडे पाहतो. ते ११ ग्रॅमपर्यंत आले, पाळी नियमित झाली आणि दोघांची मनाची तयारी असेल तर अडविण्याचे कारण नाही. फॉलिक ॲसिड मात्र आधीपासून सुरू करावे. दोन किंवा अधिक स्राव झाले असतील तर गर्भस्थापक कल्पांची संख्या वाढविण्यापूर्वी थायरॉईड, रक्तशर्करा, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्ये व गर्भाशयाचा आकार यांची तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक तापात मलेरियाची रक्तपट्टी काढावी. आणि पत्नी सिकलसेलवाहक असेल तर पतीचीही तपासणी त्याच भेटीत, तो सोबत आलेला असतानाच, उरकून घ्यावी.